गाडीला अर्थ नाही!

तर्कशास्त्राच्या पहिल्याच तासाला आपली आणि धुराची गाठ पडते. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो आहे. ज्या अर्थी धूर आहे त्या अर्थी तेथे अग्नी असला पाहिजे. स्वयंपाकघरात आपण तसे पाहिलेले आहे. तळ्यात अग्नी नसतो, म्हणून तेथे धूरही नसतो. न्यायदर्शनातला हा डोंगर, हे स्वयंपाकघर आणि हे तळे शतकानुशतके आपापल्या जागी कायम आहेत आणि परीक्षेत त्यांचे गुणही ठरलेले आहेत. मात्र नैयायिकांनी त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, पण अग्नीवरून धुराचे करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायचा तर अग्नीशी ओल्या सरपणाची गाठ पडावी लागते. या मधल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले.

हे सगळे पुस्तकात ठेवून द्यावे असे मला आजवर वाटत होते. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या मामांच्या जुन्या पिकअप गाडीतून धूर येऊ लागला, आणि तो कोठून येतो हे शोधताना नाना पेठेतल्या एका वायरमनने न्यायदर्शनाचे नावही न घेता जे काही करून दाखवले, ते कलाशाखेच्या वाचकांना सांगण्याजोगे वाटते. आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही. तेव्हा विजेविषयी मी चार शब्द लिहिले तर कोणाच्या शेतात शिरल्यासारखे होणार नाही.

मामा सासवडजवळच्या एका गावी राहतात. गाडी पंचवीस वर्षांहून जुनी, डिझेलवर चालणारी. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. मामा तिला ‘टेम्पो’ म्हणतात. आपल्याकडे मागे हौदा असलेली कोणतीही लहान गाडी टेम्पोच असते, आणि या शब्दाचा संबंध पुण्याशीच आहे. टेम्पो हे हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली आणि पुढे आकुर्डीहून या गाड्या सगळ्या महाराष्ट्रात गेल्या. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. जर्मनीतला मूळ कारखाना तर त्याच्या कितीतरी आधी इतिहासजमा झालेला. नाव तेवढे आपल्या बाजारपेठांच्या तोंडी राहिले. असो.

पावसाळ्यात पुरंदरचा वाटाणा, त्यामागून सीताफळ. रात्री माल भरायचा, दिवे घाट उतरून हडपसरमार्गे पहाटेच्या आत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचायचे, माल उतरवून उजाडता उजाडता परत फिरायचे. आपल्या मालाबरोबर शेजारच्या तीन-चार घरांचा मालही मामा भाड्याने नेतात. गाडी एक दिवस उभी राहिली तर एवढ्या घरांचा वाटाणा पोत्यात तापतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला भाव मिळत नाही. हे सांगायचे कारण असे, की ‘गाडी चार दिवस इथेच सोडा, बघतो’ असे म्हणणे गॅरेजवाल्याला जितके सोपे असते तितके ऐकणे मामांना सोपे नव्हते.

आषाढात एका पहाटे यार्डात मामांनी सेल्फ मारला. इंजिन नेहमीपेक्षा जड फिरले, कसेबसे सुरू झाले, आणि डॅशबोर्डच्या खालून, पायाशी, पांढुरका धूर आला. वास प्लॅस्टिक जळल्यासारखा. मिनिटाभरात धूर विरून गेला. फ्यूजची पेटी उघडून पाहिली तर सगळे फ्यूज शाबूत. दिवे लागत होते, भोंगा वाजत होता, वायपर फिरत होता. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

यानंतर जे उपचार झाले ते अगदी सरळ होते, आणि ते का झाले हेही समजण्यासारखे आहे. धूर डॅशबोर्डखाली दिसला, म्हणून पहिल्या गॅरेजने डॅशबोर्डखालच्या तारांचा जुडगा सोडला. त्यावरची चिकटपट्टी जुनी झाली होती, दोन तारांची आवरणे तडकलेली होती. त्या तारा बदलल्या, नवी पट्टी गुंडाळली, पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी धूर आला. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, बॅटरी संपली आहे, म्हणून सेल्फ जड फिरतो. ते काही अंशी पटणारे होते. नवी बॅटरी घातली. सेल्फ थोडा बरा फिरू लागला, पण धूर कमी व्हायच्या ऐवजी वाढला! तिसऱ्याने मान हलवून निदान केले, की सगळे वायरिंग कुजले आहे, पुढपासून मागपर्यंत नवे टाकावे लागेल. अठरा हजार रुपये आणि चार दिवस.

मामांनी अठरा हजार दिले नाहीत. त्यांनी मधला मार्ग काढला. यार्डात पोचल्यावर इंजिन बंदच करायचे नाही, दीड-दोन तास डिझेल जाळत गाडी तशीच उभी ठेवायची. घरी ती शाळेजवळच्या उतारावर लावायची आणि निघताना चाव्या फिरवून, गाडी सोडून, गिअरात टाकून सुरू करायची. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यंत्रावर चालतो, त्याला विजेची गरज नसते, म्हणून हे जमते. मामींना मात्र हे पसंत नव्हते. “एक दिवस घाटात पेटेल हो ती,” असे त्या म्हणत, आणि ते म्हणणे पुढे बरेचसे खरे ठरण्याच्या बेतात होते.

अशा अवस्थेत एका रविवारी आम्ही गाडी घेऊन नाना पेठेत गेलो. नाना पेठ म्हणजे पुण्याची सुट्या भागांची पेठ. दुचाकीच्या आरशापासून ट्रकच्या धुऱ्यापर्यंत काय मागाल ते तेथे कोणत्या ना कोणत्या दुकानात मिळते, आणि त्या दुकानांच्या आधाराने वर्षानुवर्षे एकच एक काम करणारी कारागीर मंडळी आजूबाजूच्या गल्ल्यांत बसतात. आम्हाला ज्यांचा पत्ता मिळाला होता त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत. सत्तरीच्या घरातले गृहस्थ, चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधलेली. त्यांचे दुकान म्हणजे एक बाक, एक लोखंडी कपाट आणि डायनामोंचा ढीग.

मामांनी बॉनेट उघडायला हात घातला, तर उस्ताद म्हणाले, “राहू द्या. आधी बसा. धूर कधी येतो ते सांगा.”

“डॅशबोर्डखालनं येतो,” मामा म्हणाले.

“कुठनं ते नंतर. कधी?”

या एका प्रश्नापाशी मी थबकलो. तोपर्यंत तिन्ही ठिकाणी मामांना ‘कोठे’ हे विचारले गेले होते आणि बोट दाखवले त्या जागी हात घातला गेला होता. ‘कधी’ हे कोणी विचारले नव्हते. उस्तादांनी मात्र वीस मिनिटे दुसरे काही केले नाही. चावी नुसती फिरवून ठेवली तर येतो का? नाही. सगळे दिवे लावले, गाडी बंद असताना? नाही. गाडी चालू असताना रात्री घाटात? नाही. ब्रेक दाबला की? नाही. सेल्फ मारल्यावर? हो. पहिल्या खेपेलाच, की पुन्हापुन्हा मारला तर? पुन्हा मारला तर जास्त. उतारावरून सुरू केली तर? नाही, एकदाही नाही. नवी बॅटरी घातल्यावर? वाढला.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्या आपण अन्वय आणि व्यतिरेक या नावांनी शिकतो. एक गोष्ट असताना परिणाम दिसतो, बाकी सारे तसेच ठेवून तेवढी एक गोष्ट काढली की परिणाम दिसत नाही. तर त्या गोष्टीचा कारणाशी संबंध आहे. मामांची शाळेजवळच्या उतारावरची युक्ती हा नकळत केलेला व्यतिरेकाचा प्रयोगच होता. तीच गाडी, तेच इंजिन, त्याच तारा. सेल्फ तेवढा वगळला, आणि धूर गेला. म्हणजे कारण सेल्फच्या विजेत आहे. इथवर कोणालाही येता येईल. पण मग अडचण अशी, की सेल्फ बसवलेला असतो खाली इंजिनाला, त्याची जाड तार बॅटरीपासून थेट त्याच्याकडे जाते, ती डॅशबोर्डखाली फिरकतही नाही. चावीपासून सेल्फकडे जी बारीक तार जाते ती पहिल्या गॅरेजने बदललेलीच होती. तर मग पायाशी धूर कसला?

येथे विजेचा थोडा परिचय करून घ्यावा लागतो. घरात आपण प्रत्येक दिव्याला दोन तारा गेलेल्या पाहतो. एकीने वीज यायची, दुसरीने परत जायची. फेरा पुरा झाल्याशिवाय प्रवाह वाहत नाही. गाडीत मात्र प्रत्येक उपकरणाला एकच तार दिसते. परतीची तार वाचवलेली असते. बॅटरीचे एक टोक, हल्ली बहुतेक ऋण टोक, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडून टाकतात आणि तो सांगाडाच सगळ्यांची परतीची वाट होतो. दिवा, भोंगा, वायपर, सगळ्यांची वीज एकेकट्या तारेने जाते आणि लोखंडातून परत येते. जुन्या कित्येक इंग्रजी गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, तत्त्व तेच. या परतीच्या वाटेला गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात. इंग्रजीतला जमिनीचा शब्द तो, पण आपल्या मराठी कानाला भलताच ऐकू येतो.

आता इंजिनाची गोष्ट. इंजिन सांगाड्यावर थेट बसवलेले नसते. त्याचे हादरे गाडीला लागू नयेत म्हणून ते रबराच्या गाद्यांवर ठेवतात. रबरातून वीज जात नाही. म्हणजे विजेच्या दृष्टीने इंजिन हे बेट झाले, आणि सेल्फ तर त्या बेटावरच बसलेला! त्याच्याकडे वीज येते ती जाड तारेने. ती परत जायची कशी? त्यासाठी तांब्याच्या तारांचा विणलेला एक चपटा पट्टा असतो, वेणीसारखा. एक टोक इंजिनाला, दुसरे सांगाड्याला. हा पट्टा म्हणजे बेटावरचा पूल.

आणि या पुलावरून जाणारी वाहतूक काही साधी नसते. समोरच्या मोठ्या दिव्याचा एक बल्ब चार-पाच अँपिअर घेतो. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ काही सेकंद शेकडो अँपिअर ओढतो. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला सेल्फ कॅडिलॅक मोटारींना बसला, त्याआधी हे काम माणसाचा दंड हँडल मारून करी, आणि इंजिनाने उलट झटका दिला तर तो दंड मोडतही असे. ते बळ आता बॅटरीने द्यायचे. एवढ्या प्रवाहाला पुरेल असा फ्यूज जुन्या गाड्यांत सेल्फच्या जाड तारेवर घालतच नाहीत. म्हणून धूर निघूनही फ्यूजची पेटी निर्विकार राहिली. तिचा या व्यवहाराशी संबंधच नव्हता.

उस्तादांनी तोवर बॉनेट उघडले होते. त्यांनी व्होल्टमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या घासून चकचकीत केलेल्या एका बोल्टला, आणि मामांना सेल्फ मारायला सांगितले. “दोन सेकंदच. सुरू नाही झाली तरी सोडा.” तत्पूर्वी इंजिन बंद करायची ओढकेबल त्यांनी ओढून धरायला लावली होती, म्हणजे ते सुरू होणारच नाही.

मीटरचा काटा पाचाच्या वर गेला.

तो आकडा काय सांगतो ते पाहा. पूल धड असेल तर बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यात जवळजवळ काहीच दाब उरायला नको. अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच. येथे बाराच्या बॅटरीतले पाच व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. सेल्फच्या वाट्याला उरलेसुरले येत होते, म्हणून तो कण्हत फिरत होता. बॅटरी बिचारी निर्दोष होती.

उस्तादांनी मीटर ठेवला, गाडीखाली एकदा वाकून पाहिले, आणि उठून हात पुसत म्हणाले, “गाडीला अर्थच नाही.”

मला हसू आवरेना. मामांना कळेना की मी कशाला हसतो. तीन वर्षे शब्दार्थ, वाक्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांच्यात घालवल्यावर नाना पेठेत कोणीतरी इतक्या सहज असे विधान करावे!

इंजिनाचा पट्टा जागेवर नव्हता. त्याचा बोल्ट रिकामा, गंजलेला. चैत्रात क्लचचे काम झाले होते तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे करताना पट्टा काढला गेला आणि परत लावायचा राहिला, एवढा उलगडा मामांच्या आठवणीतून झाला. कोणाच्या हातून राहिला त्याचे नाव काढण्यात अर्थ नाही (मराठी अर्थ). पण चैत्र ते आषाढ या अवधीत धूर का आला नाही, ही शंका मी काढली, तेव्हा उस्तादांनी गाडीखाली बोट दाखवले. सायलेन्सरचा पाइप मे महिन्यात बदललेला होता. जुन्या पाइपाची पकड सांगाड्याला लोखंडाला लोखंड लागून होती, तिच्यातून बरीचशी वीज परत जात असावी. नव्या पकडीत रबर होते. तोही पूल पडला.

मग प्रवाह गेला कोठून? वीज हटवादी नसते. मिळतील त्या सगळ्या वाटांनी ती वाटून जाते, आणि रोध ज्या वाटेवर कमी, तिच्यावरून अधिक. इंजिनापासून सांगाड्यापर्यंत लोखंडाच्या आणखी वाटा कोणत्या? एक अ‍ॅक्सिलरेटरची केबल, जिचे एक टोक इंजिनाच्या पंपाला आणि दुसरे पायाशी पॅडलला. दुसरी इंजिन बंद करण्याची ओढकेबल, इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत. तिसरी वेगमापकाची, गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत. यांतली एकही विजेची तार नव्हे. विजेची म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. पण तिन्ही पोलादाच्या, आणि तिन्ही डॅशबोर्डखाली येऊन मिळणाऱ्या!

जेम्स जूल या इंग्रज संशोधकाने, जो एका मद्य गाळणाऱ्या घराण्यातला होता, १८४१ साली तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा नियम प्रसिद्ध केला. उष्णता रोधाच्या पटीत वाढते, पण प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. गणिताला बिचकणाऱ्यांनीही पुढचा हिशोब वाचावा, तो सोपा आहे. समजा बॅटरी, जाड तार आणि सेल्फ मिळून रोध ०.०४ ओहम आहे. बारा व्होल्टला ०.०४ ने भागले की ३०० अँपिअर. धड पट्ट्याचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी, त्यात दाब वाया जातो तो फार तर ०.३ व्होल्ट. आता पट्ट्याच्या जागी केबली आल्या आणि त्यांचा एकत्र रोध समजा ०.०५ ओहम भरला. एकूण ०.०९, प्रवाह उतरला १३३ अँपिअरवर. पण या १३३ अँपिअरनी केबलींत किती उष्णता होते? १३३ चा वर्ग गुणिले ०.०५, म्हणजे जवळजवळ ८९० वॅट. घरची कपड्यांची इस्त्री साधारण साडेसातशे ते हजार वॅटची असते. एक अख्खी इस्त्री मामांच्या पायाशी, बोटभरही जाड नसलेल्या केबलींत तापत होती!

याच हिशोबातून बाकीची कोडीही सुटतात. गाडी चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र इंजिनावरच असते, तेव्हा दिव्यांची वीज केबलींतूनच इंजिनाकडे परत जात होती. पण ती समजा वीस अँपिअर. वर्ग करून पाहा, उष्णता होते वीस वॅट. केबल जराशी कोमट होईल इतकीच. नवी बॅटरी जुनीपेक्षा जोरकस, तिने प्रवाह वाढवला, म्हणून धूरही वाढला. आणि गॅरेजवाल्यांची तपासणी का फसली तेही कळते. त्यांचा टेस्टलँप, म्हणजे दोन तारांचा दिवा, इंजिनाला टेकवला की लख्ख पेटे. मग अर्थ ठीक आहे असे त्यांनी मानले. पण २१ वॅटचा दिवा जेमतेम पावणेदोन अँपिअर घेतो. त्याच्या स्वतःच्या सात ओहमपुढे वाटेतला ०.०५ ओहम कोणाला जाणवणार? एका माणसाला साकव पेलतो, म्हणून त्यावरून ट्रक जाईल असे म्हणता येत नाही. परतीची वाट तपासायची ती भर वाहतुकीत. उस्तादांनी सेल्फ मारत असतानाच मीटर पाहिला, त्याचे मर्म हे.

आणि ओले सरपण? ते होते केबलीवरचे प्लॅस्टिकचे आवरण. विजेच्या कामात वापरतात ते पीव्हीसी साधारण ७० ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच टिकावे अशा बेताने केलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, त्यात मिसळलेली तेलकट द्रव्ये वाफ होऊन निघतात आणि तोच पांढुरका धूर. पोलाद तापले तरी धुमसत नाही, लोखंडी गोळ्यासारखे. आवरण नसते तर मामांना धूर कधी दिसलाच नसता आणि केबल गुपचूप तापत राहिली असती. आपण धुराला शिव्या देतो, पण येथे उपाधीने उपकारच केले.

निदान झाले तरी उस्तादांनी पट्टा लगेच बसवला नाही. आधी एक जाड जोडतार, मृत बॅटरीची गाडी दुसरीवरून चालू करायला वापरतात तसली, इंजिनापासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि म्हणाले, “आता मारा.” सेल्फ असा काही फिरला की मामा दचकले. मीटर ०.३ वर. चार वेळा मारला. धुराचा पत्ता नाही. जोडतार काढली, एकदा मारला; पायाशी वास आला. पुन्हा लावली, वास नाही. म्हणजे अन्वय झाला, व्यतिरेक झाला, आणि पुन्हा अन्वय. आमच्या पाठ्यपुस्तकातली उदाहरणे इतकी चोख नाहीत, हे मी आदरपूर्वक नमूद करतो.

मग समोरच्या दुकानातून पट्टा आला. तो बसवण्याआधी दोन्ही बोल्टांभोवतीचा रंग आणि गंज त्यांनी कानशीने घासून धातू उघडा केला. “रंगावर पट्टा बसवला तर तो शोभेचा,” ते म्हणाले. वरून ग्रीस फासले, पाण्याने पुन्हा गंजू नये म्हणून. मामांना वाटले झाले काम. पण उस्तादांनी अ‍ॅक्सिलरेटरची केबल काढायला लावली, आणि या सगळ्या प्रकरणातली खरी भयानक गोष्ट तेव्हा दिसली.

केबलीच्या आत, तार सहज सरकावी म्हणून, नायलॉनची एक नळी असते. ती जागोजाग वितळून तारेला चिकटली होती. उस्तादांनी तार एका हाताने ओढली; ती मध्येच अडली, जोर केल्यावर झटक्याने सुटली. गाडीत बसलेली असताना पॅडलची स्प्रिंग ती कशीबशी मागे ओढत होती. आणखी काही दिवसांनी ती मागे आली नसती. दिवे घाटाच्या उतारावर, मागे वाटाण्याची पोती, आणि पाय काढला तरी इंजिनाचा जोर कमी होत नाही, असा प्रसंग आला असता. मामी आगीला भीत होत्या. आग लागायची शक्यताही होतीच, कारण डिझेलची रबरी नळी त्याच केबलीला खेटून गेलेली. मामा केबलीचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. तिन्ही केबली बदलल्या. पट्टा, केबली आणि मजुरी मिळून खर्च अठरा हजारांच्या आठव्या हिश्श्याइतकाही आला नाही. एक दुपार गेली. सोमवारचा माल वेळेवर यार्डात पोचला.

वायरिंग कुजले आहे असे सांगणारा तो तिसरा गृहस्थ लबाड होता, असे मला वाटत नाही. जुन्या गाडीत तारा कुजतातच. दाराच्या बिजागरीपाशी तार घासून सांगाड्याला टेकते, कोणी जादा दिवे वा मोठा भोंगा बारीक तारेवर जोडून देतो, फ्यूज सारखा जातो म्हणून त्याजागी जाड तार घालून टाकतात. धुराची ही कारणे खरी आहेत आणि आपल्याकडे सर्रास आढळतात. तशा वेळी धूर जेथे, दोष बहुधा तेथेच. मात्र तेथेही ‘कधी’ हा प्रश्न आधी विचारलेला बरा. दिवे लावल्यावर येतो की वळणाचा इशारा दिल्यावर, हे ठरले की जुडग्यातल्या पंचवीस तारांपैकी तेवीस विचारातून बाद होतात. मग एकेक फ्यूज काढून ठेवत जायचे आणि कोणत्या फेऱ्यात दोष आहे ते पाहायचे. यात चतुराईपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि चिकाटीला गॅरेजात कोणी मजुरी देत नाही. सगळे वायरिंग बदलण्याला देतात.

धूर दिसला तर काय करावे, हेही उस्तादांना विचारून घेतले. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, सगळ्यांनी उतरावे. बॅटरीपर्यंत निर्धोकपणे हात पोचत असेल तर तिचे अर्थकडचे, म्हणजे सांगाड्याला जोडलेले टोक आधी सोडावे. धन टोक आधी सोडायला गेले आणि पाना सांगाड्याला टेकला, तर ठिणग्यांचा पाऊसच. पाणी ओतू नये. बॉनेटखालून ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट सताड उघडू नये, हवा मिळून ती भडकते, लांब व्हावे. आणि थोड्या वेळाने धूर थांबला म्हणून पुन्हा सेल्फ मारून पाहू नये. मामांनी ते बारा-पंधरा वेळा केले होते.

गाडी आता व्यवस्थित आहे. दर पावसाळ्यानंतर पट्ट्याचे बोल्ट घासून पुन्हा आवळायचे, एवढेच पथ्य आहे. दिवाळीत गेलो तेव्हा मी मीटर नेला होता. सेल्फ मारताना ०.२ आले. मामा मात्र अजूनही गाडी शाळेजवळच्या उतारावरच लावतात. आता सेल्फ चांगला आहे ना, असे विचारले तर म्हणतात, “असू दे की. उतार काय डिझेल खातो?”